पूर्ण ऑटोमॅटिक टँकरला दुपारी रिव्हर्स पडत नाही, गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवा म्हणतात

ओवळ्याची लेक

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमचे पाण्याचे चार टँकर चालतात. धंदा वडिलांचा, तीन वर्षांपासून मी बघते. त्यातल्या एका गाडीने दहा दिवसांपासून झोप उडवली आहे.

गाडी तळोज्याच्या एका कारखान्याची फायर टेंडर, म्हणजे आगीचा बंब होती, लिलावात घेतली. पंप काढून, आरटीओची परवानगी घेऊन १०,००० लिटरची टाकी बसवली. गिअरबॉक्स ॲलिसनचा, सहा स्पीडचा. क्लच पेडल नाही, गिअरचा दांडा नाही. डॅशबोर्डवर आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (पुढे) अशी बटणं, वर-खाली दोन बाण आणि छोटा डिस्प्ले.

सकाळच्या पहिल्या दोन खेपांना रिव्हर्स एका बटणात पडतो. अकरा-साडेअकरानंतर मात्र आर दाबलं की काहीच होत नाही. इंजिन चालू राहतं, गाडी जागची हलत नाही. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की कधी पडतो, कधी नाही.

वाघबीळला एका सोसायटीत टाकी गल्लीच्या टोकाला आहे. आत सरळ जायचं, पाणी सोडायचं आणि तीस-चाळीस मीटर मागे यायचं. गेल्या गुरुवारी दुपारी गाडी तिथेच अडकली. मागे शाळेची बस, पुढे भिंत, वरून लोक ओरडतायत. शेवटी शेजारच्या बांधकामावरचा जेसीबी आणून साखळीने ओढून काढली.

कळंबोलीच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. ते म्हणाले, गरम झालं की तेल पातळ होतं, आतल्या सीलमधून दाब सुटतो, रिव्हर्सच्या क्लचच्या प्लेटा गेल्यात. बॉक्स उतरवायचा, ३ लाख ८० हजार, त्यातले १ लाख आधी. वर मामांच्या तोंडावर म्हणाले, "ड्रायव्हरने रेस देऊन रिव्हर्स टाकला, त्याने प्लेटा जळल्या." मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, बाबांच्या वेळेपासून २२ वर्षं आमच्याकडे आहेत. ते काहीच बोलले नाहीत, फक्त टोपी काढून हातात धरून उभे राहिले. मला ते बघवलं नाही. पण गॅरेजवाला चुकतोय असं म्हणायला माझ्याकडे काही आधारही नाही.

परवा पैसे द्यायचे आहेत. त्याआधी काय तपासू?

कळंबोलीकर

ताई, आधी तेल आणि फिल्टर बदला. माझ्या भावाच्या ट्रकला असंच झालं होतं, गिअर दाबला की नुसता टुक आवाज यायचा आणि गाडी जागेवर.

रबाळे वायरमन

भाऊ, तुमच्या भावाची गाडी ऑटो-शिफ्टवाली असणार, एएमटी. तिच्यात साधाच बॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त पाय आणि हात यांचं काम हवा आणि मोटर करतात. तिथे रिव्हर्स पडला नाही तर हवेचा दाब, क्लचचा ॲक्च्युएटर, गिअर पोझिशनचा सेन्सर हे बघायचं. ताईंच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग, आत तेलाच्या दाबावर चालणारे क्लच. दोघांना "ऑटोमॅटिक" म्हणतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

जुना फिटर

ओवळ्याची लेक, परवा पैसे देऊ नका. आधी माझं ऐकून घ्या. ३० वर्षं जड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यातली बरीच या बॉक्सवर.

पहिली गोष्ट, गाडी ओढायची वेळ पुन्हा आली तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा, सोडवून ओढा. या बॉक्समधला तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग तेलाशिवाय फिरणार. गल्लीतून बाहेर काढण्यापुरतं ओढलंत, तेवढ्याने काही झालं नसेल. पण याच पद्धतीने कोणी कळंबोलीपर्यंत ओढत नेली असती तर बॉक्स खरंच गेला असता.

आता मुख्य मुद्दा. या बॉक्समध्ये रिव्हर्सची स्वतंत्र अशी प्लेट नसते. आत पाच क्लच आहेत, सी१ ते सी५. सी१ आणि सी२ फिरणारे, बाकीचे तीन बॉक्सच्या अंगाला पकडून धरणारे. प्रत्येक गिअरला यातले दोन लागतात. पहिल्याला सी१ आणि सी५, दुसऱ्याला सी१ आणि सी४, तिसऱ्याला सी१ आणि सी३, चौथ्याला सी१ आणि सी२, पाचव्याला सी२ आणि सी३, सहाव्याला सी२ आणि सी४. रिव्हर्सला सी३ आणि सी५. न्यूट्रलमध्ये सी५ आधीच धरलेला असतो.

म्हणजे बघा, रिव्हर्सला लागणारे दोन्ही क्लच पुढच्या गिअरांनाही लागतात. सी५ गेला असेल तर गाडी पहिल्यात उचलणार नाही. सी३ गेला असेल तर तिसरा आणि पाचवा घसरतील, इंजिन रेस घेईल आणि गाडी मागे पडेल. भरलेला टँकर घेऊन गायमुखचा चढ चढा. डीमध्ये असताना खालचा बाण दाबत ३ वर आणा म्हणजे तो तिसऱ्याच्या वर जाणार नाही. नजर आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या काट्यावर. काटा एकदम उसळला तर गॅरेजवाला बरोबर. गाडी दम धरून चढली तर तुमचा सी३ शाबूत आहे. पाचव्यासाठी खारेगाववरून नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत जाऊन या. हे सगळं दुपारी, गाडी तापलेली असताना करा. सकाळी करून उपयोग नाही.

आणि मामांना तीन प्रश्न विचारा. तुम्ही उत्तर देऊ नका, त्यांचंच लिहा.

आर दाबल्यावर डिस्प्लेवरचं अक्षर स्थिर राहतं की लुकलुकतं?

आर दाबल्यावर इंजिनचा आवाज थोडा दबतो का, गाडीला हलका धक्का जाणवतो का?

दुपारी फक्त आरच रुसतो की डीसुद्धा?

खडीवाला

फिटरकाका बोलले ते माझ्यावर बेतलेलं आहे म्हणून लिहितो. आमच्या डंपरला रिव्हर्स जायच्या आधी महिनाभर तिसऱ्यात चढाला काटा उसळत होता. ड्रायव्हर सांगत होता, मीच म्हणालो लोड जास्त असेल. नंतर डिस्प्लेवर बिघाडाचे कोड आले, पी०७३६ आणि पी०७३३. ०७३६ म्हणजे रिव्हर्सचं प्रमाण चुकतंय आणि ०७३३ म्हणजे तिसऱ्याचं. दोन्हींत सामाईक कोण, तर सी३. बॉक्स उघडला तर प्लेटांवरचं अस्तर सुटून तळाशी काळा गाळ झालेला. मूळ कारण बॉक्सच्या तेलाचा कूलर होता, आतून फुटून रेडिएटरचं पाणी तेलात येत होतं. कूलंट तेलात गेलं की प्लेटांचं अस्तर धरून ठेवणारा गोंदच सुटतो. तेल दुधाळ गुलाबी दिसायला लागलं होतं, तेव्हाच थांबायला हवं होतं.

तेव्हा ताई, तेलाचा रंग आणि वास बघाच. जळकट वास किंवा दुधाळ रंग असेल तर बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, आणि पैशांचं दुःख करू नका.

मुरबाडचा मुसाफिर

स्टॉल टेस्ट करून बघा ना. ब्रेक दाबायचा, आर टाकायचा, पूर्ण रेस द्यायची, काटा कुठे थांबतो ते बघायचं.

जुना फिटर

मुसाफिर, कृपा करून इथे कोणाला ही टेस्ट सांगू नका. जास्त वेळ चालली तर कन्व्हर्टरमधलं तेल भयंकर तापतं. १० टन पाणी पाठीवर असलेली गाडी मागच्या बाजूला सुटली तर मागे उभा माणूस वाचत नाही. वर्कशॉपमध्ये, चाकांना ठोकळे लावून, जाणत्या माणसाने करायची गोष्ट आहे.

तेलाचं सांगायचं राहिलं. सपाट जागी उभी करा, एन, हँडब्रेक, इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू. तेलाचं तापमान ६० ते १०४ अंशांच्या मध्ये हवं, म्हणजे एक खेप करून आल्यावर. मग दोन्ही बाण एकदम दाबा. लेव्हल सेन्सर असेल तर डिस्प्ले ८ पासून उलटे आकडे मोजतो, साधारण दोन मिनिटं, आणि ओके किंवा कमी-जास्त किती ते दाखवतो. दोन्ही बाण पुन्हा दाबत गेलात की शेवटी साठलेले कोड दिसतात. ओळीने लिहून घ्या.

ओवळ्याची लेक

आज दिवसभर हेच केलं. मीसुद्धा केबिनमध्ये बसले होते.

गायमुखला पाणी भरून, भर दुपारी दीड वाजता, ३ लावून चढलो. काटा जिथे होता तिथून हलला नाही. मग खारेगावमार्गे पडघा. पाचव्यात गाडी अगदी दबून चालते, कुठे ओढ सुटल्यासारखं वाटलं नाही. पहिल्यातही उचलायला त्रास नाही. तेल ओके. डिपस्टिकचं तेल पांढऱ्या कापडावर घेतलं, लालसर आणि स्वच्छ, जळकट वास नाही. कोड एकही नाही.

आता मामांची उत्तरं, त्यांच्या शब्दांत.

"अक्षर लुकलुकतं. बाजूला एन तसाच राहतो."

"धक्का बसत नाही, इंजिन दबत नाही. बसला असता तर मीच सांगितलं असतं की आत काहीतरी पकडतंय."

"डी पण रुसतो. पण दिवसभर मी गाडी डीमध्येच ठेवतो, सिग्नलला ब्रेकवर उभा राहतो. एकदा एनवर आणली की दुपारी डीसुद्धा दोन-तीनदा दाबावा लागतो. मग मी इंजिन बंद करून परत चालू करतो."

मी त्यांना विचारलं, मामा, हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "कोणी विचारलं नाही ताई. गॅरेजमध्ये त्यांनी सरळ रेस दिली म्हणून सांगितलं." त्यानंतर दोन किलोमीटर आम्ही दोघंही बोललो नाही.

जुना फिटर

ताई, तुमचा बॉक्स उतरवायचा नाही. हे मी आता ठामपणे सांगतो.

अक्षर लुकलुकणं म्हणजे बॉक्स आजारी नाही, बॉक्स नाही म्हणतोय. हुकूम त्याच्यापर्यंत पोचला, पण बॉक्सच्या कंट्रोलरने, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरने, तो रोखून धरलाय. अक्षर स्थिर राहून गाडी हलली नसती तर मी दाब आणि क्लच बघा म्हटलं असतं. रोखलेल्या गिअरचा कोड पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं.

रोखतो कशासाठी? न्यूट्रलमधून डी किंवा आर घेताना इंजिन ९०० आरपीएमच्या वर फिरत असेल तर तो गिअर देत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय असेल तरी देत नाही. गाडी पुढे चालतेय असं स्पीड सेन्सर सांगत असेल तर रिव्हर्स देत नाही. आणि तुमची गाडी मूळची फायर टेंडर, तिथे पंपाचे इंटरलॉकही असतात, म्हणजे ठरावीक अटीशिवाय गिअर न देणाऱ्या जोडण्या, अर्धवट तोडलेली वायर काहीही करू शकते. आर आणि डी दोन्ही रुसतात म्हणजे पहिला संशय आरपीएमवर. ही रोख चांगल्यासाठी आहे, जास्त रेसमध्ये क्लच पकडला तर प्लेटा खरंच जळतील. मामांनी रेस दिलीही असेल, पण त्या वेळी बॉक्सने गिअर घेतलाच नाही, तर जळणार काय?

आणखी एक. अक्षर लुकलुकायला लागलं की नुसतं थांबून राहू नये. परत एन दाबायचं, पाय उचलायचा, काटा खाली येऊ द्यायचा, मग आर.

दुपारी आयडलवर काटा किती असतो आणि सकाळी किती?

रबाळे वायरमन

माझा एकच प्रश्न. दहा-बारा दिवसांपूर्वी गाडीवर कुठलं काम झालं?

ओवळ्याची लेक

गिअरचं किंवा इंजिनचं काही नाही. फक्त केबिनला एसी बसवला. नव्या मोठ्या ट्रकना आता एसी केबिन सक्तीची आहे, आमच्या जुन्या गाडीला तो नियम नाही. पण मे महिन्यात मामा दुपारी भोवळ येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते, तेव्हाच ठरवलं.

रबाळे वायरमन

ताई, सापडलं असं वाटतंय. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर बोजा टाकतो, म्हणून बाहेरचे फिटर एसी चालू झाला की आयडल वाढेल अशी जोडणी करतात. तुमच्या फायर टेंडरमध्ये पंप चालवायला आयडल वाढवणारी वायर इंजिनच्या कंट्रोलरपर्यंत तयार आहेच. फिटरला ती डॅशबोर्डखाली आयती मिळाली असणार आणि त्याने कॉम्प्रेसरच्या रिलेवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यावर, जोडली असणार. साध्या गिअरच्या गाडीला त्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे त्याच्या मनातही आलं नसेल.

जुना फिटर

वायरमनना माझा नमस्कार. ताई, आता उष्णता आणि एसी वेगळे करा. उद्या सकाळी थंड गाडीवर एसी लावून आर दाबा. दुपारी तापलेल्या गाडीवर एसी बंद करून आर दाबा. गॅरेजचं म्हणणं खरं असेल तर सकाळी पडेल आणि दुपारी पडणार नाही. आमचं खरं असेल तर उलटं होईल. मागे कोणी उभं राहू देऊ नका.

ओवळ्याची लेक

सकाळी पावणेसहा. गाडी रात्रभर उभी होती, बॉनेट हाताला गार. मामांनी इंजिन सुरू केलं, ब्रेकची हवा भरू दिली. काटा ७०० वर. आर दाबलं, गाडीला तो ओळखीचा हलका धक्का बसला. परत एन. मग एसीचा खटका. कॉम्प्रेसरचा खट्ट आवाज आला आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत काटा ७०० वरून सरकत १०५० ला जाऊन थांबला. आर दाबलं. लुकलुक. एसी बंद, काटा खाली, एन, आर. पडला. आम्ही हे सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच.

दुपारी दोन वाजता, दोन खेपा झाल्यावर, एसी बंद करून. एका बटणात पडला.

मग मी मोबाइलचा टॉर्च घेऊन पॅसेंजरच्या बाजूला डॅशबोर्डखाली वाकले. जुन्या पंपाच्या स्विचची एक राखाडी वायर, तिला कारखान्याचा मूळ टॅग अजून होता, आणि तिच्यावर नवी कोरी हिरवी चिकटपट्टी. पट्टी सोडवली तर आत एसीच्या रिलेकडून आलेली लाल वायर नुसती पिळून जोडलेली. सोल्डर नाही, कनेक्टर नाही.

म्हणजे सकाळ-दुपारचा खेळ उष्णतेचा नव्हताच. सकाळी मामा एसी लावत नव्हते, एवढंच.

खडीवाला

ताई, वाचून अंगावर काटा आला. एवढ्यासाठी बॉक्स उतरवला असता, नवीन सील घातले असते, आणि एसी लावल्यावर पुन्हा तेच.

मुरबाडचा मुसाफिर

पण वायर काढली तर एसी चालू असताना इंजिन बंद पडणार नाही का?

रबाळे वायरमन

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या इंजिनात नाही पडत. कंट्रोलर आयडल स्वतः धरून ठेवतो, बोजा आला की डिझेल वाढवतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला आयडल वाढवायची गरज लागते. ताई, राखाडी वायरचं टोक उघडं ठेवू नका, टोपी लावून उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि मूळ जागी बांधा. रिलेला स्वतःचा फ्यूज आहे का तेही बघून घ्या. तारा पिळून जोडणारा माणूस फ्यूज विसरलेला असतो.

जुना फिटर

आणि एसी लावून काटा ८५० च्या खाली राहतोय याची खात्री करा. ९०० ला खेटून ठेवू नका, थंडीत किंवा बॅटरी उतरली असेल तर इंजिन स्वतःच आयडल थोडं चढवतं.

ओवळ्याची लेक

काल वायरमनदादांनी सांगितलं तसंच माजिवड्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. फ्यूज खरंच नव्हता, १५ ॲम्पिअरचा बसवला. सगळे मिळून १,१०० रुपये. एसी चालू असताना काटा आता ७०० वरच, कॉम्प्रेसर लागताना क्षणभर थरथरतो आणि परत जागेवर येतो.

गॅरेजला फोन करून काय सापडलं ते सांगितलं. भांडायला नाही, पुढची गाडी त्यांच्याकडे जाईल म्हणून. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि "लुकलुकतं हे आमच्या पोराने बघितलं नाही" असं कबूल केलं.

मामांची मी आज ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली. गॅरेजमध्ये त्यांना बोललं गेलं तेव्हा बाकीचे दोन ड्रायव्हरही होते, म्हणून सगळ्यांसमोरच. ते म्हणाले, "जाऊ दे गं," आणि चावी घेऊन खेपेला निघाले.

आज दुपारी अडीचला वाघबीळच्या त्याच गल्लीत होते मी. पाणी सोडून झालं. क्लीनर मागे जाऊन उभा राहिला, काचा बंद, एसी चालू. मामांनी एन दाबलं, पाय ब्रेकवर, आर दाबलं. अक्षर स्थिर. गाडी सरळ मागे आली.

कळंबोलीकर

ताई, त्या फ्यूजचं ऐकून आमच्या दोन गाड्यांचे एसी आजच उघडून बघतो. दोन्हींना बाहेरूनच बसवलेत.

रबाळे वायरमन

रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून जी वायर येते तिच्यावर बघा, बॅटरीच्या जितक्या जवळ असेल तितकं चांगलं.